अभियांत्रिकी पदवीचा खर्च आणि मिळकत यांचा हिशोब कसा मांडावा

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत कट-ऑफ आणि शाखांची चर्चा सुरू होते. कर्जाचा हप्ता किती बसेल, हा प्रश्न मात्र पदवी हातात आल्यावर पुढे येतो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तो प्रवेश पक्का धरला जातो आणि विचार करायला फारसे दिवस उरत नाहीत. म्हणून हा हिशोब पसंतीक्रम भरण्यापूर्वी, एका वहीत आणि मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवूनच मांडावा.

पहिल्या पानावर खर्च लिहावा. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते त्याच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय पाहता येते. तोंडी सांगितलेला आकडा धरू नये. त्यात शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क असते. वसतिगृह, मेस, बस हे सगळे वेगळे लिहून चाराने गुणावे आणि लॅपटॉपचा एकदाच होणारा खर्च त्यात मिळवावा. घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा वरखर्च कित्येकदा शुल्काच्या बरोबरीला येतो, हे मी नात्यातल्या मुलांचे अर्ज भरताना वारंवार पाहिले आहे.

त्यानंतर सवलती वजा कराव्यात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून शिकवणी शुल्काचा निम्मा भाग मिळतो. इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून शिकवणी व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती आहे. शिकवणी शुल्क माफ असलेल्या पाच टक्के अधिसंख्य (मंजूर जागांहून जादा) जागाही असतात. मात्र राहण्या-जेवण्याचा खर्च यांपैकी कशातच येत नाही, आणि व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही प्रतिपूर्ती हातची जाते.

आता कर्ज, आणि येथे घाई करू नये. समजा, दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले आणि शिक्षण संपल्यावर एका वर्षाने हप्ते सुरू झाले. पहिल्या दीड लाखावर तोपर्यंत पाच वर्षांचे, पुढच्यांवर चार, तीन आणि दोन वर्षांचे व्याज चढते. सरळव्याजाने ते दोन लाख दहा हजार होते. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी देणे आठ लाख दहा हजारांचे असते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो आणि एकूण परतफेड पावणेतेरा लाखांच्या पुढे जाते. शिकत असतानाच दरमहा व्याज भरता आले, तर हा भार बराच हलका होतो.

दुसऱ्या पानावर मिळकत लिहावी. जाहिरातीतील सर्वोच्च पॅकेज एका-दोघांचे असते, ते बाजूला ठेवावे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत भाग घेणाऱ्या महाविद्यालयांनी सादर केलेल्या माहितीत किती विद्यार्थी दाखल झाले, किती वेळेत उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली आणि मध्यम पगार किती, हे छापलेले असते. मध्यम पगार म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्यांना त्याहून कमी मिळाले. नोकरी लागलेल्यांची संख्या उत्तीर्णांशी नव्हे, तर दाखल झालेल्यांशी ताडून पाहावी. वर्ष वाया गेलेल्या मुलांच्या पालकांनीही शुल्क भरलेलेच असते. या तक्त्यात सर्व शाखा एकत्र असतात, त्यामुळे आपल्या शाखेची यादी प्लेसमेंट विभागाकडे स्वतंत्रपणे मागावी.

पॅकेज आणि हातात येणारा पगार यांतही अंतर असते. ३ लाख ६० हजारांचे पॅकेज घ्या. त्यातील दहा टक्के कामगिरीवर अवलंबून आणि मूळ वेतन १५,००० असेल, तर भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही हिस्से (आपला आणि कंपनीचा), ग्रॅच्युइटी आणि व्यवसाय कर वजा जाता दरमहा सुमारे साडेबावीस हजार हाती येतात. वरचा हप्ता फेडल्यावर बारा हजारांच्या आत उरतात, आणि एवढ्यात पुण्यात खोलीभाडे व जेवण भागवायचे असते. पुढे पगार वाढतो हे खरे, पण पहिली दोन-तीन वर्षे हीच ओढाताण असते आणि तेवढ्या काळासाठी घरून आधार मिळणार का, हे आजच विचारून घ्यावे.

तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात: याच चार वर्षांत दुसऱ्या वाटेने काय मिळाले असते. दहावीनंतर पदविका करून थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेणाऱ्याला पदवीच्या खर्चाची तीनच वर्षे सोसावी लागतात, आणि गरज पडल्यास पदविकेवर नोकरीही धरता येते. बारावीनंतर विज्ञान शाखेची पदवी तीन वर्षांची असते. या वाटांचा खर्च व मिळकत त्याच वहीत शेजारी लिहावी.

शेवटी प्रत्येक महाविद्यालयासमोर हप्ता आणि मध्यम पगारातून हाती येणारी रक्कम लिहावी. हप्ता त्या रकमेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होत असेल, तर माझ्या मते कर्ज कमी करण्याची वाट शोधावी: घराजवळचे महाविद्यालय, शासकीय जागा किंवा शुल्कमाफीची जागा. तरीही हिशोबात न बसणारे महाविद्यालय पसंतीक्रमात शेवटच्या क्रमांकावरही टाकू नये, कारण यादीतले कोणतेही महाविद्यालय वाट्याला येऊ शकते.