दोन संगणकांवरची वंशावळ जुळती ठेवताना या चुका टाळा

फोंड्याच्या घरी डेस्कटॉप आणि बाहेर न्यायला लॅपटॉप, अशा दोन यंत्रांवर वंशावळीचं काम करणारी घरं गोव्यात बरीच आहेत. त्याला कारणही आहे. महाजनांची (देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदार घरांची) यादी देवस्थानात असते, पोर्तुगीज अमदानीतल्या जन्म-विवाहाच्या नोंदी पणजीला पाहाव्या लागतात, आणि चार पिढ्या तोंडपाठ असलेली आत्या पेडण्याला राहते. माहिती जिथे मिळेल तिथेच भरली जाते. मग एक दिवस कळतं की लॅपटॉपवर पणजोबांची तीन मुलं आहेत आणि डेस्कटॉपवर पाच.

पुढचं सगळं ग्रॅम्प्स या मोफत सॉफ्टवेअरला धरून लिहिलं आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेनूंची नावं बदलतील, पण मुख्य नियम तोच: एका वेळी एकाच संगणकावर लिहायचं, दुसऱ्यावर फक्त वाचायचं.

चालू डेटाबेसचं फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये ठेवणं

सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं, आणि ती सहज घडते. ग्रॅम्प्सची वंशावळ एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असते. नोंद जतन होत असताना मुख्य फाइलशेजारी एक तात्पुरती जर्नल फाइल तयार होते आणि काम संपलं की जाते. त्या दोन्ही मिळूनच माहिती पूर्ण असते. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह किंवा सिंकथिंग या दोन यंत्रांवरच्या फाइली आपोआप जुळवणाऱ्या (सिंक करणाऱ्या) साधनांना हे नातं ठाऊक नसतं. मुख्य फाइल आधी जाते, जर्नल मागे राहते, आणि पलीकडे अर्धवट लिहिलेला डेटाबेस पोचतो. पावसाळ्यात जतन करताना किंवा फाइल वर चढताना वीज गेली तर धोका आणखी वाढतो, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस असावाच.

त्यातच कुलुपाचा गोंधळ होतो. वंशावळ उघडी असेपर्यंत ग्रॅम्प्स त्या फोल्डरमध्ये लॉक नावाची फाइल ठेवतं. सिंकमुळे तीही दुसऱ्या यंत्रावर पोचते आणि तिथे वंशावळ कुलूपबंद दिसते. हे कुलूप तोडायची सोय ग्रॅम्प्स मध्येच अचानक बंद पडलं, तर त्या प्रसंगासाठी आहे. पहिल्या यंत्रावर वंशावळ खरंच उघडी असताना कुलूप तोडलंत, तर दोन्हीकडून लिहिलं जाईल आणि कोणाच्या तरी नोंदी जातील. आधी उठून पहिला संगणक पाहा.

योग्य रीत अशी. काम संपलं की ‘फॅमिली ट्रीज’ मेनूतून ‘मेक बॅकअप’ घ्या आणि फाइलच्या नावात तारीख-वेळ राहू द्या. ग्रॅम्प्स बंद करा. ती बॅकअप फाइल तेवढी सिंक फोल्डरमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर टाका. दुसऱ्या यंत्रावर नवी, रिकामी वंशावळ तयार करून तिच्यात ती आयात करा. जुन्या वंशावळीच्या नावापुढे ‘जुनी’ लिहून ती महिनाभर तशीच ठेवा.

‘रिकामी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भरलेल्या वंशावळीत आयात केली की तीच माणसं दुसऱ्यांदा येऊन बसतात आणि एकेक जोडी हाताने विलीन करत बसावं लागतं.

आयात झाल्यावर दोन्हीकडची आकडेवारी ताडून पाहा: व्यक्ती, कुटुंबं, घटना, स्थळं, चित्रं. एकही आकडा वेगळा असेल तर पुढे लिहू नका.

दोन्हीकडे लिहून झालंच असेल तर

घाईने जोडाजोडी करू नका. प्रथम दोन्ही वंशावळींचे बॅकअप वेगळ्या जागी ठेवा. मग जिथे जास्त काम झालं आहे ती मुख्य धरा. दुसरीवर ‘अमुक तारखेनंतर बदललेल्या’ नोंदी दाखवणारा फिल्टर लावा आणि ती यादी मुख्य वंशावळीत हाताने भरा. पन्नास-साठ नोंदी असतील तर विलीनीकरणापेक्षा हा मार्ग नक्कीच सुरक्षित.

इथे क्रमांकावर विसंबू नका. ग्रॅम्प्स प्रत्येक यंत्रावर पुढचा मोकळा क्रमांक आपला आपण देतं. त्यामुळे आय०४५७ या क्रमांकावर डेस्कटॉपवर काका असतील आणि लॅपटॉपवर मावशी. नाव, वडील आणि जन्मवर्ष पाहूनच माणूस ओळखा. शेवटी ‘चेक अँड रिपेअर’ हे साधन एकदा चालवा.

जेडकॉमने ने-आण करणं

जेडकॉम हा वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीचा सामायिक नमुना आहे. ग्रॅम्प्समधून ग्रॅम्प्समध्ये जाताना तो वापरलात तर टॅगसारख्या काही गोष्टी गळतात. जुन्या जेडकॉममध्ये अ‍ॅन्सेल ही अक्षरसंकेतावली असे, तिच्यात देवनागरीला जागाच नव्हती. जुन्या कार्यक्रमातून आलेल्या फाइलमध्ये नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर दुरुस्त करत बसू नका. मूळ संगणकावरून यूटीएफ-८ (देवनागरीला जागा असलेली संकेतावली) निवडून पुन्हा निर्यात करा. प्रश्नचिन्हांतून अक्षरं परत मिळत नाहीत.

चित्रं हरवणं

माणसं आली, पण दाखल्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. चित्रं वंशावळीच्या आत नसतात, तिथे फक्त त्यांचा पत्ता असतो. डेस्कटॉपवर ती डी ड्राइव्हवर असतील आणि लॅपटॉपला डी ड्राइव्हच नसेल, तर पत्ता चुकतो. ‘प्रेफरन्सेस’मध्ये दोन्हीकडे चित्रांचं मूळ फोल्डर नेमून द्या आणि ‘मीडिया मॅनेजर’मधून सगळे पत्ते सापेक्ष, म्हणजे त्या मूळ फोल्डरपासूनचे, करून घ्या.

६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलेलं ए-४ पान कॉम्प्रेस न करता सुमारे १०० एमबी होतं, ३०० डीपीआयवर २६ एमबी. चित्रांसकट घेतलेला बॅकअप (जीपीकेजी फाइल) त्यामुळे भराभर फुगतो. पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या नमुन्यात फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. रोजच्या कामाला चित्रांशिवायचा बॅकअप पुरतो. चित्रांचं फोल्डर वेगळं सिंक करा, त्याला हरकत नाही.

चित्रांची नावं मात्र साधी ठेवा. ‘झुआंव’ किंवा ‘कोन्सेयसांव’सारखी नावं पोर्तुगीज वळणाने रोमन लिपीत लिहिताना अक्षरावर येणारं चिन्ह संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं. मॅक आणि विंडोज यांच्यात ने-आण करताना एकच नाव दोन वेगळ्या फाइली धरलं जाऊ शकतं. लिनक्स लहान-मोठ्या रोमन अक्षरांतही फरक करतं. चिन्हं नसलेली लहान रोमन अक्षरं आणि आकडे पुरेत.

आणखी थोडं

दोन्हीकडे ग्रॅम्प्सची आवृत्ती एकच हवी. ६.० मध्ये उघडून अद्ययावत झालेली वंशावळ ५.१ मध्ये परत उघडत नाही. एकाच दिवशी दोन्ही यंत्रांवरची आवृत्ती बदला, आणि आधी बॅकअप घ्या.

नुसत्या आकड्यांतली तारीख यंत्राच्या भाषा-सेटिंगप्रमाणे वाचली जाते. ०४/०५/१९३२ ही एका यंत्रावर ४ मे होते, तर अमेरिकन इंग्रजी असलेल्या यंत्रावर ५ एप्रिल. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, किंवा महिना अक्षरांत.

जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ बंद-चालू केल्यावर मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. घड्याळ चुकलं की सिंक साधन नवी फाइल कोणती ते चुकीचं ठरवतं.

म्हापसा आणि पोर्तुगीज वळणाचं मापुसा ही दोन स्थळं करू नका. एकच स्थळ ठेवून दुसरं पर्यायी नाव म्हणून जोडा. केणी आणि केनीं, नाईक आणि नाइके या आडनावांनाही तेच लागू. दोघं जण आळीपाळीने दोन यंत्रांवर भरत असाल तर कोणतं रूप मुख्य, ते आधीच ठरवून वंशावळीतल्याच एका टिपणात लिहून ठेवा, म्हणजे बॅकअपबरोबर तेही पलीकडे जाईल.