पिकअप ठेवायची की काढायची? पासिंगच्या आधी करायची तयारी

पासिंगची, म्हणजे आरटीओतल्या फिटनेस तपासणीची, तारीख दीड महिन्यावर आली की हा हिशेब करायला बसायचं. एकदा का रंग, रिफ्लेक्टर आणि नव्या टायरवर पैसे ओतले, की 'आता एवढं केलंय तर राहू दे वर्षभर' असं घरात ठरतंच. आमच्या 2008 च्या पिकअपचं तीन वर्षं हेच चाललंय.

आधी वही घ्या आणि वर्षभरात गाडी गोठ्यामागून किती वेळा हलली ते लिहा. आठवणीवर विसंबू नका, आठवणीत गाडी दर आठवड्याला लासलगावला जाते. डिझेलच्या पावत्या आणि बाजारातल्या हिशेबपट्ट्या समोर ठेवा. आमच्या फेऱ्या निघाल्या अकरा. सहा कांद्याच्या, एक भाचीच्या लग्नातल्या भांड्यांची आणि चार शेजारच्या आप्पांच्या. आप्पांच्या फेऱ्यांना डिझेल त्यांचं असतं, पण टायर आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) आपलेच झिजतात. म्हणून त्यांना वेगळा रकाना.

त्याच पानावर खर्च मांडा. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विम्याचा हप्ता 2022 च्या दरपत्रकात 16,049 रुपये आहे, कर वेगळा. अकरा फेऱ्यांनी भागलं तर फेरीमागे साधारण 1,460 रुपये विम्यालाच गेले. आमच्या गावातून बाजारापर्यंत छोटा हत्ती (भाड्याचा टेम्पो) तेवढ्यात येतो, ड्रायव्हरसकट. गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी, वर पीयूसी, पर्यावरण कर आणि 2019 पूर्वीची गाडी म्हणून नवी नंबरप्लेट. बॅटरी तर उभ्या गाडीचीच लवकर मरते.

मग गाडी बघा, तीही नेहमीच्या मिस्त्रीला घेऊन नको. त्याचं पोट तिच्यावर आहे. ताडपत्री काढून फाळका उघडा, हौद्याचा पत्रा पायाने दाबून बघा. नंतर खाली झोपून पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला बसतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. आमचा डाव्या बाजूला चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. ते बघून वेल्डिंगवाल्याने नुसतं 'हं' केलं, तेव्हाच कळलं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 3415 म्हणजे 2015 सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी कडेला भेगा असतील तर कांदा भरून त्यावर घाट उतरायचा नाही. ब्रेक ऑइल उभ्या गाडीतही पाणी धरतं, तेही बदलावं लागेल. उंदरांनी वायरिंग खाल्लंय का, ते बॉनेट उघडल्यावर वासावरूनच कळतं.

गाडीच्या बाजूने एकच गोष्ट खरी आहे, आणि ती मोठी आहे: एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघाला की भाड्याची गाडी वेळेला मिळत नाही. म्हणून आत्ताच दोन गाडीवाल्यांना फोन करून हंगामाचा भाव आणि शब्द घ्या. दोघांनीही नाही म्हटलं तर वर केलेला सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि हँगर वेल्ड करायला टाका.

काढायचीच ठरली तर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊ नका. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म पूर्ण भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. आरसीवर नाव आपलं राहिलं तर अपघाताची भरपाईही आपल्याच दारात येते. भंगारात घालायची तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच न्या. तिथलं प्रमाणपत्र नवी गाडी घेताना करसवलतीला चालतं, आणि नोंदणीही रीतसर रद्द होते.

आणि बाहेर भाव काढण्याआधी आप्पांना सांगून ठेवा. वर्षाला चार फेऱ्या मारणारा माणूस तिची किंमत पाडून का होईना, विचारणारच. हँगरचं मात्र त्यांना दाखवून सांगा, उद्या बांधाला बांध आहे.