कार्बन नॅनोफायबर वाढवताना या चुका टाळा

प्लाझ्मा सीव्हीडीत (प्लाझ्माच्या मदतीने वायूतून कार्बन साचवण्याच्या पद्धतीत) फायबरची वाढ फसली की पहिला संशय गॅसवर जातो आणि ॲसिटिलीनचा प्रवाह वरखाली करण्यात दिवस जातात. बऱ्याचदा घोळ त्याआधीच, फायबर उगवणाऱ्या कॅटॅलिस्टच्या म्हणजे निकेलच्या थरात झालेला असतो.

सर्वांत महागात पडते ते निकेल थेट सिलिकॉनवर चढवणे. ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास दोघांचे निकेल सिलिसाइड बनते, कॅटॅलिस्ट खपतो आणि फायबर उगवलेच तर तुरळक. मध्ये टायटॅनियम नायट्राइडचा थर द्या. सिलिकॉन डायऑक्साइडही निकेलला अडवतो, पण तो विद्युतरोधक. फायबरच्या बुडाशी इलेक्ट्रोड हवा असेल तर त्याचा उपयोग नाही.

जाडीही सांभाळा. तापल्यावर थर फुटून निकेलचे कण होतात आणि कणाच्या आकारावर फायबरची जाडी ठरते. थर १०-२० नॅनोमीटरच्या पलीकडे गेला की लहानमोठे ओबडधोबड गोळे होतात, मग फायबरही तसेच.

वेफर (सिलिकॉनची चकती) काळा झाला म्हणून खूश होऊ नका! सोबत सोडलेल्या, जादा कार्बन खरवडणाऱ्या अमोनियाच्या मानाने ॲसिटिलीन जास्त झाले की अस्फटिकी कार्बनचा पापुद्रा साचतो, तोही काळाच. नमुना तिरका धरून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) पाहा: फायबर खाली रुंद, वर निमुळते दिसले तर अमोनियाचे प्रमाण वाढवा. हा पापुद्रा शेजारच्या दोन इलेक्ट्रोडना शॉर्ट करतो, आणि रोध कमी दिसला म्हणून आपण फायबरचे कौतुक करत बसतो.

कडेचे फायबर कललेले दिसले तर कॅटॅलिस्टला दोष देऊ नका. फायबर विद्युतक्षेत्राच्या दिशेने वाढतात आणि वेफरच्या कडेला क्षेत्ररेषा वळतात. मोजमापासाठी मधला भाग घ्या.

रामन स्पेक्ट्रममध्ये १३५० सेमी⁻¹ च्या आसपासचा, कार्बनच्या रचनेतले दोष दाखवणारा डी पीक उंच आला म्हणून बॅच टाकून देणारेही असतात. तुलना नॅनोट्यूबशी (ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या जाड कार्बन थराच्या, गुंडाळलेल्या नळ्यांशी) केली की हे होते. फायबरमध्ये ग्राफीनचे थर एकात एक ठेवलेल्या शंकूंसारखे तिरके रचलेले असतात, त्यांच्या कडा उघड्या राहतात. डी पीक असणारच. त्याच रचनेमुळे अक्षाच्या दिशेने वाहकता चांगल्या नॅनोट्यूबपेक्षा कमी असते.

एका सुट्या फायबरचा रोध दोन टोकांवर मोजला तर त्यात संपर्करोधही (जोडणीच्या जागचा रोध) मिसळतो, कधी तोच वरचढ ठरतो. चार-प्रोब पद्धत (प्रवाह दोन प्रोबमधून, व्होल्टेज दुसऱ्या दोन प्रोबवर) वापरा. आणि भट्टी गरम असताना हवा आत सोडू नका, फायबर जळतात.