हॅवलॉकला डायव्हिंगला निघालात? आधी परतीचं तिकीट दाखवा

अंदमानला जायचं ठरलं की लोक मला विचारतात, कॅमेरा कुठला घेऊ? मी विचारतो, परतीचं विमान कधीचं? बहुतेकांनी ते स्वस्त मिळालं म्हणून सकाळचं घेतलेलं असतं, आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत डाइव्ह ठेवलेल्या असतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पाण्याखाली दाब वाढतो तसा श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. वर आल्यावर तो निघून जातो, पण सावकाश. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढाच असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरच्या दाबापेक्षाही कमी. नायट्रोजन अंगात असतानाच तिथे पोहोचलात तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झालं असेल तर किमान 18 तास थांबायचं.

पुण्याचा चौघांचा एक ग्रुप होता, हातात नवीकोरी ओपन वॉटर कार्डं, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र. टूरवाल्याने तीन दिवस डायव्हिंग आखून दिलं होतं. शेवटच्या दिवशीची दुसरी डाइव्ह संपायला तीन वाजणार, संध्याकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) आणि सकाळी सातचं विमान. सोळा तास. मी म्हटलं, दुसरी डाइव्ह सोडा. तिघांनी ऐकलं. चौथा म्हणाला, "मध्ये अख्खी रात्र आहे की, आणि पैसे भरलेत." दुसऱ्या एका बोटीने त्याला घेतलंही.

चेन्नईला विमान बदलताना त्याला उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बॅगा उचलून दुखावला असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. घरी आल्यावर दोन दिवस बाम, शेक, मालीश. तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी सहज विचारलं, सुट्टीत काय काय केलंत? तेव्हा कुठे बुडबुड्यांचा संशय आला आणि गोष्ट दाब-कक्षापर्यंत, म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करणाऱ्या रिकम्प्रेशन चेंबरपर्यंत गेली. खांदा बरा झाला. भरलेल्या पैशांपायी बिल किती झालं ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विमा असून नसल्यासारखा होता, कारण त्या पॉलिसीत स्कूबा वगळलेलं होतं. तुमच्या पॉलिसीतलं ते पान निघण्याआधी वाचा.

मी स्वतः 18 च्या भानगडीत पडत नाही, सरळ 24 तास धरतो. मराठी माणूस पोर्ट ब्लेअरला उतरला की आधी सेल्युलर जेल गाठतो. सावरकरांची कोठडी बघायची ओढ मला कळते, पण ती शेवटच्या दिवसासाठी ठेवा. पहिल्याच दिवशी बोट पकडून हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, गाठा, डायव्हिंग उरका, मग जेल, लाइट अँड साउंड शो आणि दुसऱ्या दिवशी विमान.

दुसरी चूक हवेच्या हिशेबाची. "सिलिंडर किती वेळ पुरतो?" याला एक उत्तर नसतं. 12 लिटरच्या टाकीत 200 बारने (बार हे दाबाचं माप) भरलेली हवा म्हणजे साधारण 2,400 लिटर. जमिनीवर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्याला ती दोन तास पुरेल. 10 मीटरवर दाब दुप्पट, 20 मीटरवर तिप्पट, तेवढीच हवाही जास्त लागते. म्हणजे 20 मीटरवर चाळीस मिनिटं. त्यातून 50 बार हात न लावता परत आणायचे, म्हणजे तीसच मिनिटं, आणि घाबरलेला नवखा माणूस मिनिटाला 20 वर थोडाच थांबतो! ट्रेकिंगचा स्टॅमिना इथे कामाला येत नाही, संथ श्वास येतो. माझी सवय अशी: 100 बारला परत फिरायचं, आणि दोघांत ज्याचा काटा आधी खाली येईल त्याच्या हवेवर डाइव्ह संपवायची. नंतर वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा. "हवा उरली होती की" म्हणून कुरकुरणारा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, मला चालतो, टाकी रिकामी करून दाखवणारा नको.

तारखा ठरवताना तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी तुलनेने निवांत. मालवणच्या कुठल्याही मच्छीमाराला हे सांगावं लागत नाही. तिकीट काढणाऱ्यांना मात्र फक्त शनिवार-रविवार दिसतात. आणि मे ते सप्टेंबर स्वस्त पॅकेज दिसलं तर ते स्वस्त का आहे, हे पावसाला विचारा.

"तारकर्लीत केलंय की" हे वाक्य मी रोज ऐकतो. तिथे प्रशिक्षकाने मागून टाकी धरून तुम्हाला फिरवलेलं असतं. त्या अनुभवावर हॅवलॉकची डिक्सन्स पिनॅकलसारखी खोल जागा मागू नका. ओपन वॉटर कार्डाची मर्यादाही 18 मीटरच आहे. रील कुठे शूट झालं त्यावर जागा ठरवायची नसते.

जास्तीची वजनं बांधू नका. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, रिकामं, छातीत नेहमीचा श्वास, अशा वेळी पाणी डोळ्यांशी आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली गेलं पाहिजे. याहून जड माणूस रीफवर गुडघे टेकतो आणि फांद्यांचं प्रवाळ मोडतो. भरीव प्रवाळ तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं.

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खाली असताना ओसरला, तर वर येताना कान किंवा सायनस अडकतात.

उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही.

आरोग्याच्या फॉर्मवर दमा, हृदयाचा त्रास, रक्तदाब लपवू नका. डॉक्टरांचं पत्र घरूनच आणा. बेटावर सकाळी सात वाजता ते कुणी देणार नाही.

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा "मेलेलाच तर आहे" म्हणून बॅगेत टाकू नका. रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच यादीत, आणि विमानतळावर बॅगा तपासतात.