दवाखान्यात डिजिटल केसपेपर आणताय? या चुका टाळा

कागद बंद करून कॉम्प्युटरवर जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" दवाखान्यांत या सिस्टीम बसवून देणं हेच माझं काम, म्हणून सांगतो, सॉफ्टवेअर क्वचितच नडतं. पहिल्या महिन्यात कोण कुठे काय टाइप करतं, ते नडतं.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे जे सुचेल ते नोट्समध्ये लिहून टाकणं. बाहेर रांग असते. ॲलर्जीचा रकाना उघडा, औषध शोधा, यादीतून निवडा, काय त्रास झाला ते भरा, एवढं कोण करत बसणार? मग तपासणीच्या नोंदीत 'पेनिसिलीनची ॲलर्जी, अंगावर गांधी' असं लिहून मोकळे. माणसाला ते वाचता येतं, पण औषधं तपासणारी सिस्टीम फक्त ॲलर्जीचा रकाना बघते.

एका दवाखान्यात हे अगदी असंच घडलं. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदली डॉक्टरांनी त्याच रुग्णाला घशासाठी अमॉक्सिसिलिन लिहिलं. ते पेनिसिलीनच्याच कुळातलं, स्क्रीनवर लाल इशारा यायला हवा होता. आला नाही, कारण रकाना कोरा. जुन्या नोंदी मागे मागे जाऊन वाचायला बदली डॉक्टरांना वेळ कुठला! औषध हातात देताना सिस्टरनी सवयीने विचारलं, "कुठलं औषध सोसत नाही असं आहे का?" म्हणून निभावलं. नंतर मला फोन आला, "तुमची सिस्टीम चालत नाही." सिस्टीम चोख चालत होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

माझा शिरस्ता असा: नवीन रुग्णाचं रेकॉर्ड उघडलं की आधी ॲलर्जी, चालू औषधं आणि जुने आजार भरायचे, बाकी सगळं नंतर. ॲलर्जी नसेल तर 'ज्ञात ॲलर्जी नाही' हा पर्याय निवडायचा. कोरा रकाना म्हणजे कुणी विचारलंच नाही. आजारसुद्धा यादीतूनच घ्या, म्हणजे आयसीडी-10चा (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) कोड मागे आपोआप लागतो. एकाने 'मधुमेह' लिहिलं, दुसऱ्याने 'शुगर', तिसऱ्याने 'डीएम', की 'एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) राहिलेले मधुमेही दाखव' म्हटल्यावर अर्धे गायब.

दुसरा माझा जुना राग कॉपी-पेस्टवर. मागच्या भेटीची नोंद उचलायची आणि एक ओळ बदलायची. मी अशी फाइल पाहिली आहे जिच्यात रुग्ण सर्दीसाठी आलाय, ब्लड प्रेशरसाठी आलाय, आणि प्रत्येक भेटीत 'टाके कोरडे, ड्रेसिंग बदललं' आहेच. टाके केव्हाच निघाले होते! अशा फाइलवर पुढचा डॉक्टर विश्वास कसा ठेवणार? दोन ओळी लिहा, पण आजच्या लिहा. ज्यांना दोन ओळींचाही कंटाळा आहे त्यांनी खुशाल कागदावरच राहावं.

एकच लॉगिन सगळ्यांनी वापरू नका. नोंद कुणी बदलली हे शोधायची वेळ येते तेव्हा प्रत्येक ओळीवर डॉक्टरांचंच नाव निघतं, त्या दिवशी ते रजेवर असले तरी.

नवीन रेकॉर्ड काढण्याआधी नाव, जन्मतारीख आणि फोन, तिन्हींवर शोधा. स्पेलिंगच्या फरकाने एकाच माणसाची दोन रेकॉर्डं होतात, आणि तपासण्या एकात, औषधं दुसऱ्यात जाऊन बसतात.

जुने केसपेपर सरसकट स्कॅन करत सुटू नका. ती नुसती चित्रं, त्यातून इशारे येत नाहीत. रुग्ण येईल तसं त्याचं महत्त्वाचं तेवढं हाताने भरा.

सगळे इशारे चालू ठेवले की लोक न वाचता 'ओके' दाबायला शिकतात. गंभीर तेवढेच ठेवा.

'सोमवारपासून सगळं कॉम्प्युटरवर' ही घोषणा मला नेहमी नवख्यांकडूनच ऐकू येते. पहिले दोन आठवडे अपॉइंटमेंट कमी घ्या, आणि वीज किंवा नेट गेलं तर लिहायला छापील फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवा. बॅकअप होतोय एवढ्यावर समाधान मानू नका, तो उघडून एखादं रेकॉर्ड खरंच परत येतं का ते बघा.

आणि करारावर सही करण्याआधी विक्रेत्याला विचारा: उद्या सोडून जायचं ठरलं तर माझा डेटा कशात देणार? 'पीडीएफमध्ये' असं उत्तर आलं तर सही थांबवा. एफएचआयआरसारख्या (एका सिस्टीमचा डेटा दुसरीला वाचता यावा म्हणून ठरवलेल्या) प्रमाणित स्वरूपात, कोडसकट मिळेल हे लेखी घ्या.