टेस्टर घेताय? तो पेटला नाही तर काय, ते आधी बघा

आमच्याकडे आयटीआय करून नवीन पोरगा कामाला आला की आठवड्याभरात विचारतो, काका टेस्टर कोणता घेऊ. मी नाशिकला सिडकोत राहतो, वायरिंगची कामं करतो, फ्लॅट असतात, पंचवटीतले जुने वाडे असतात, अधूनमधून निफाड दिंडोरीकडे मोटरीच्या स्टार्टरचंही काम येतं. त्यामुळे जे वापरून बघितलंय तेच सांगतो.

टेस्टर पेटला तर आपण हात लावतच नाही ना, तिथे सावधच असतो. तो पेटत नाही तेव्हा खरी भीती, कारण त्यानंतर आपण बिनधास्त हात घालतो. म्हणून घेताना हेच बघायचं की हा "करंट नाही" म्हणतो तेव्हा त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा.

साधा लाईन टेस्टर, स्क्रू ड्रायव्हरवाला, तो सगळ्यांकडे असतोच. चांगला टपारियाचा घ्या, शंभर रुपयांच्या आत येतो, कारखाना आपल्या सातपूरलाच आहे. आत एक जास्त ओहमचा रेझिस्टन्स आणि छोटा निऑनचा दिवा असतो, करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो तेव्हा तो पेटतो. म्हणजे सर्किटचा अर्धा भाग तुम्हीच आहात. लाकडी घोड्यावर रबरी चपला घालून उभे असाल तर तो मंद पेटतो, आणि दुपारच्या उन्हात तर पेटलेला दिसतच नाही. पंचवटीत एका वाड्यात माळ्यावर उभं राहून मी जंक्शन बघत होतो, चौकातून लख्ख उजेड येत होता, टेस्टर पेटलेला दिसला नाही म्हणून वायर सोलायला घेतली आणि कोपर ओल्या भिंतीला टेकलं. हात झटकला गेला आणि पकड खाली चौकात पडली, खाली कोणी नव्हतं हे नशीब. दहा पंधरा वर्षं झाली तरी तो वाडा दिसला की कोपर आठवतं.

दुसरी गोष्ट, हा टेस्टर न्यूट्रलबद्दल काहीच सांगत नाही. पुष्कळदा फोन येतो की "दोन्ही होलमध्ये फेज येतोय आणि पंखा चालत नाही". न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो, आणि स्विच चालू असलेल्या बल्ब-पंख्यातून फेज उलटा न्यूट्रलच्या वायरीत येतो, टेस्टर बिचारा दोन्हीकडे पेटतो. शेतावर तर अजून वाईट. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक डीओ (11 केव्ही बाजूचा फ्यूज) उडाला की एका फेजला पूर्ण 230 आणि बाकी दोघांना साधारण निम्मा व्होल्टेज येतो, तेवढ्यावर निऑन पेटतोच. शेतकरी म्हणतो तिन्ही फेज आहेत, बटण दाबतो, मोटर नुसती घुं घुं करते आणि वाइंडिंग जळतं.

मग लोक पेन घेतात, न टोचता बीप वाजवणारा. फेज कुठून गेलाय ते पटकन शोधायला मस्त आहे, मीही खिशात ठेवतो. पण लोखंडी जीआय पाईपातल्या वायरीवर, धातूचं कवच असलेल्या आर्मर्ड केबलवर तो गप्प बसतो, गच्चीवरच्या सोलरच्या डीसी वायरीवर तर काहीच बोलत नाही कारण त्याला एसीच कळतो, आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीवर उगाच वाजत राहतो. पेन वाजला तर माना, नाही वाजला म्हणून हात घालू नका.

जुने वायरमन होल्डरला दोन वायरी लावून बल्ब वापरायचे. तो खरं बोलतो कारण तो लोड घेतो, म्हणजे स्वतः करंट ओढतो, पण चुकून दोन फेजमध्ये लावला तर 415 व्होल्टला उडतो, काच तोंडाजवळ फुटते. आता नको.

मल्टिमीटर घ्याच, पण त्याच्या दोन सवयी माहीत हव्यात. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही, म्हणून जिन्याच्या टू-वे वायरिंगमध्ये बंद वायरीवरही शेजारच्या वायरीमुळे 60-70 व्होल्ट दाखवतो आणि आपण तासभर लीकेज शोधत बसतो. काट्याच्या मीटरवर हा त्रास कमी होता. आणि मीटरची लीड, म्हणजे टोचायची वायर, चुकून अँपिअरच्या होलमध्ये राहिली आणि तशीच फेज-न्यूट्रलला लावली तर थेट शॉर्ट.

म्हणून ज्याला रोज बोर्डात हात घालायचाय त्याने दोन टोकांचा, म्हणजे टू-पोल व्होल्टेज टेस्टर घ्यावा. दोन दांडे, मधे केबल, आणि 12, 24, 50, 120, 230, 400, 690 अशा पायरीने लागणाऱ्या एलईडी. रेंज निवडायची नाही, लीड बदलायची नाही, चुकायला जागाच कमी. मघाचा पंख्याचा घोळ यात लगेच सुटतो, फेज-न्यूट्रलला काही नाही आणि फेज-अर्थिंगला 230, म्हणजे न्यूट्रल तुटला. डीओचा घोळही कळतो, एका फेजला 230 ची एलईडी लागते आणि बाकी दोघांना ती लागतच नाही. महाग आहे, हजारांत जातो, पण दोन-तीन कामांत पैसे निघतात.

घेताना त्याच्यावर कॅट, म्हणजे कॅटेगरी, लिहिलेलं बघा. घरातल्या सॉकेटला कॅट 2 चालतं, डीबीला, म्हणजे एमसीबीच्या बोर्डाला, कॅट 3 पाहिजे, मीटरच्या पेटीकडे कॅट 4. लाईनवर मधेच उसळी येते तेव्हा टेस्टर हातात फुटू नये म्हणून हे आकडे असतात, आपल्या थ्री फेजच्या कामाला कमीत कमी कॅट 3, 600 व्होल्ट. नुसता 1000 व्होल्ट छापलेला आणि कॅट नसलेला परत ठेवा. टोकाचं उघडं धातू 4 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, लांब टोकाने एमसीबीच्या दोन टर्मिनलमध्ये शॉर्ट होतो. बोट घसरू नये म्हणून कडा हवी. बॅटरी संपली तरी 230 ला एलईडी लागते का ते दुकानदाराला विचारा, चांगल्यात लागते. हे सगळं लो टेन्शनसाठी, म्हणजे 230-415 च्या लाईनसाठी, 11 केव्हीच्या जवळ यातलं काहीही न्यायचं नाही.

आणि वापरायची पद्धत एकच. आधी चालू पॉइंटवर लावून पेटतो का बघायचं, मग कामाच्या जागी, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग तिन्ही, आणि मग परत त्याच चालू पॉइंटवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर तो शेवटच्या वेळी कळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही त्याची लाईन जिवंत असते, त्याचा स्विच वेगळा बंद करा आणि मग हे तिन्ही परत बघा, पाच मिनिटं जातील, जाऊ द्या, घरमालक वर उभा राहून घाई करत असला तरी.