इमिग्रंट व्हिसाची केस दुसऱ्या कॉन्सुलेटला हलवता? आधी या चुका टाळा

अमेरिकेतल्या भावानं नाहीतर बहिणीनं तुमच्या ग्रीन कार्डसाठी फाईल टाकली, आय-१३० म्हणजे नातलगासाठीचा अर्ज मंजूर झाला, केस एनव्हीसीत म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरला गेली, आणि मधल्या काळात तुम्ही नोकरीपायी दुबईले नाहीतर रियाधले जाऊन बसले. आता इंटरव्ह्यू मुंबईत द्यायचा का तिकडंच? माझं फॉर्म भरायचं दुकान आहे, पासपोर्टपासून पीकविम्यापर्यंत सगळं चालते, त्यात ह्या अमेरिकेच्या केसेस मोजक्याच येतात, पण ज्या येतात त्या फिरून फिरून ह्याच जागी अटकून राहिल्या असतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

जवळ पडते म्हणून हैदराबाद मागणं

चंद्रपूर, राजुरा, गडचिरोलीकडची माणसं हमखास म्हणतात, "भाऊ, मुंबईले कायले जाचं, हैदराबाद तं आपल्या उशाशी हाय." बल्लारशाहून गाडीत बसलं की पोचलं, बरोबर आहे. पण हैदराबादचं अमेरिकन कॉन्सुलेट टुरिस्ट, स्टुडंट, एच-वन असले व्हिसे पाहाते, ग्रीन कार्डवाल्या फॅमिली केसेसचा इंटरव्ह्यू तिथं होत नाही. त्या मुंबईला होतात. तुमच्या केस नंबरची पहिली तीन अक्षरं बीएमबी असतील तर केस मुंबईची समजा. तेव्हा तुम्ही गोंदियाचे असा का गडचिरोलीचे, विदर्भ एक्सप्रेस नाहीतर दुरांतोचं तिकीट काढा आणि हा विषय सोडा.

दुबईवाल्यांची पण सेम गडबड. दुबईत अमेरिकेचं कॉन्सुलेट आहे म्हणून "दुबईले ट्रान्सफर करा" असं लिहून देतात, पण युएईतल्या माणसाचा इमिग्रंट इंटरव्ह्यू अबू धाबीच्या एम्बसीत होतो. कॅनडात टोरंटोले राहणाऱ्याला मॉन्ट्रियलला जावं लागते. शहर मागायच्या आधी ते शहर इमिग्रंट व्हिसा देते का एवढं पाहून घ्या, तिथंच अर्धे अर्ज कटतात.

जुना व्हिडिओ पाहून अर्ज करणं

पहिले थोडी ढिलाई होती, कुठल्या कॉन्सुलेटनं हो म्हटलं तर केस तिकडं जायची. १ नोव्हेंबर २०२५ पासून स्टेट डिपार्टमेंटनं, म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं, नियम आवळला. आता एनव्हीसी इंटरव्ह्यू लावते तो तुम्ही जिथं राहता त्या ठिकाणी, किंवा तुम्ही तशी मागणी केली तर तुमच्या नागरिकत्वाच्या देशात. ह्या दोन्हीत न बसणारं तिसरं ठिकाण पाहिजे असंल तर मेडिकल इमर्जन्सी नाहीतर तसंच काही मोठं कारण लागते आणि ते पण क्वचित मान्य होते. त्याच्या आधीचे यूट्यूब व्हिडिओ अजून फिरून राहिले, त्यात "सिंगापूरले पटकन तारीख मिळते" वगैरे सांगतात, ते आता विसरा.

आपल्या माणसाच्या कामाची गोष्ट ह्यातच आहे. भारतीय पासपोर्ट असंल तर मुंबई तुम्हाला नागरिकत्वावर मागता येते, तिथं राहणं सिद्ध करायची गरज नाही. एकदा एक काका गल्फमधून कायमचे परत आले, केस अबू धाबीले गेली होती, ती मुंबईले आणायची होती. थैलीभर कागद घेऊन आले. सातबारा, आठ-अ, रेशन कार्ड, लाईट बिल, वरून पोलीस पाटलाचा दाखला, आणि सगळं लॅमिनेट केलेलं. मी म्हटलं काका, पासपोर्ट काढा फक्त. पहिलं पान आणि शेवटचं पान स्कॅन केलं, बाकी थैली तशीच वापस.

उलट्या दिशेनं जायचं असंल तर मात्र कागद लागतात. अबू धाबी मागायचं तर तुम्ही युएईत राहता हे दिसलं पाहिजे, म्हणजे रेसिडेन्स व्हिसा, एमिरेट्स आयडी, भाड्याचा करार. सौदीत असंल तर इकामा, म्हणजे तिथलं राहण्याचं कार्ड. साळ्याकडं व्हिजिट व्हिसावर दोन महिने गेला म्हणजे राहिला असं होत नाही.

आणि इथं माझं स्पष्ट मत आहे. गल्फचा व्हिसा कंपनीच्या हातात असते. तुमचं काँट्रॅक्ट वर्षभरात संपणार असंल, कंपनी डगमगत असंल, तर केस हलवू नका, मुंबईलाच राहू द्या. केस तिकडं गेली, तारीख लागायच्या आधी नोकरी गेली आणि माणूस गावाला आला की पुन्हा तीच केस वापस आणायचा खटाटोप. मुंबईसाठी चार दिवस जास्त सुट्टी मागावी लागंल, मागा. फक्त व्हिसा छापून येईपर्यंत पासपोर्ट कॉन्सुलेटकडं राहते, म्हणून परतीचं तिकीट इंटरव्ह्यूच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका.

जागा बदलली की लाईन छोटी होईल असं वाटणं

हे तर सगळ्यात जास्त ऐकतो. भावा-बहिणीची एफ४ कॅटेगरी, भारताची लाईन एवढी लांब की २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणाचा नंबर आला ते सांगणाऱ्या सरकारी यादीत, २००६ सालचे अर्ज चालू होते. मग कोणीतरी सांगते की कुवेतची लाईन छोटी आहे, तिकडून कर. नाही होत. लाईन ठरते तुमचा जन्म कोणत्या देशात झाला त्याच्यावर, इंटरव्ह्यू कुठं आहे त्याच्यावर नाही. वरुडला जन्मलेला माणूस कुवेतमध्ये बसला काय आणि लंडनमध्ये बसला काय, भारताच्याच लाईनीत उभा. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असंल तर त्या देशाची लाईन धरता येते, पण आपल्याकडं अशा जोड्या किती! चांगली बाजू एवढीच की केस हलवली म्हणून तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे लाईनीतली तुमची तारीख, जात नाही, ती आहे तीच राहते.

भलत्याच दारावर अर्ज देणं

पिटिशन, म्हणजे तोच आय-१३०, अजून यूएससीआयएसकडं म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडं असंल, मंजूरच झालं नसंल, तर एनव्हीसीकडं अजून तुमची केसच नाही, आधी मंजुरी येऊ द्या. एनव्हीसीचा केस नंबर आला की तिथून पुढं अर्ज एनव्हीसीलाच. इंटरव्ह्यूची तारीख पडल्यावर सुद्धा ट्रान्सफरचं एनव्हीसीलाच लिहायचं असते, त्यांच्या वेबसाईटवरच्या पब्लिक इन्क्वायरी फॉर्ममधून. लोक काय करतात, मुंबईले मेल, अबू धाबीले मेल, भावाकडून तिकडच्या कोणत्या खासदाराच्या ऑफिसात फोन, आणि एनव्हीसीच्या फॉर्मवर दर आठ दिवसांनी तोच मजकूर. तुमचीच गर्दी तुमच्याच केसवर. एकदा नीट लिहा आणि उत्तराची वाट पाहा, किती तारखेच्या मेलांचं काम चालू आहे ते एनव्हीसी आपल्या वेबसाईटवर टाकत राहते.

नीट लिहा म्हणजे पाल्हाळ नको. केस नंबर, मुख्य अर्जदाराचं पासपोर्टवर आहे तसंच नाव आणि जन्मतारीख, अमेरिकेतल्या पिटिशनरचं, म्हणजे फाईल टाकणाऱ्याचं, नाव. मग सरळ, केस सध्या अमुक ठिकाणी आहे, तमुक ठिकाणी पाहिजे, मी तिथं अमुक तारखेपासून राहतो, माझा रेसिडेन्स व्हिसा अमुक तारखेपर्यंत आहे, माझ्यासोबत बायको आणि दोन मुलं ह्याच केसवर आहेत. झालं. कपाशीला भाव नाही, आईची तब्येत बरी नसते, हे लिहून काही फरक पडत नाही.

ट्रान्सफरसाठी एनव्हीसीची वेगळी फी नसते. "ट्रान्सफर करून देतो, पंचवीस हजार लागतील" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि रवाना करा.

एजंटवरून आठवलं. केसची सुरुवात करताना डीएस-२६१ नावाचा फॉर्म असते, त्यात एनव्हीसीनं मेल कोणाला पाठवायचे ते ठरते. बऱ्याच केसेसमध्ये तिथं एजंटनं स्वतःचा ईमेल ठोकलेला असते. आता तो एजंट दुकान बंद करून पुण्याले का कुठं गेला, फोन लागत नाही, आणि इंटरव्ह्यूचं लेटर त्याच्या इनबॉक्समध्ये पडून. घरचे म्हणतात एनव्हीसी उत्तरच देत नाही! देऊन राहिली ना, तुम्हाला नाही तर त्याला. ट्रान्सफर मागायच्या आधी पिटिशनरला सीईएसीच्या, म्हणजे व्हिसा केसच्या ऑनलाईन पोर्टलवर लॉगिन करून ईमेल कोणाचा आहे ते पाहायला सांगा, चुकीचा असंल तर त्याच इन्क्वायरी फॉर्ममधून पहिले तो बदलून घ्या. हे केल्याशिवाय पुढचं काहीच करू नका.

केस हलली पण कागद जुनेच

डीएस-२६० मध्ये, म्हणजे इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाईन अर्जात, पत्ता गावचा आणि तुम्ही राहता शारजाला, हे जुळत नाही. फॉर्म सबमिट झाल्यावर लॉक होते, तर एनव्हीसीला लिहून उघडून घ्यावा लागते. बारीकसारीक बदल इंटरव्ह्यूत ऑफिसरला सांगितला तरी तो करून घेते, पण राहण्याचा देशच बदलला असंल तर आधीच दुरुस्त केलेलं बरं.

पोलीस क्लिअरन्सचं गणित बरेच जण चुकवतात. वय १६ च्या पुढं आहे आणि सध्या ज्या देशात राहता तिथं ६ महिन्यांच्या वर झाले, तर तिथलं पोलीस सर्टिफिकेट लागते. भारतात ६ महिन्यांच्या वर राहिले असाल, म्हणजे आपण सगळेच, तर भारताचं पण लागते. आधी कुठल्या तिसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिले असाल तर तिथलं पण. म्हणजे इंटरव्ह्यू मुंबईत असला तरी सध्या दुबईत असलेल्याची दुबईच्या पोलिसांच्या कागदातून सुटका नाही. भारतातलं पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट ऑफिसचं चालते, ठाण्यातून ठाणेदाराच्या सहीचं आणलेलं चालत नाही. गावी असाल तर नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसचं काढा, परदेशात असाल तर तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमार्फत निघते. आणि २ वर्षांच्या वर जुनं झालं असंल तर नवीन काढा.

मेडिकल तर आधी करूच नका. ज्या देशात इंटरव्ह्यू आहे तिथल्या एम्बसीनं ठरवून दिलेल्या पॅनल डॉक्टरकडूनच ते होते, आणि जास्तीत जास्त ६ महिने चालते. केस अबू धाबीले जाणार आणि ह्यांनी सुट्टीत आले तेव्हा स्वस्त पडते म्हणून मुंबईत मेडिकल उरकून घेतलं, ते पैसे पाण्यात. इंटरव्ह्यूचं लेटर हातात आलं की मगच.

घर इकडं, माणूस तिकडं

बायको-पोरं दारव्ह्याले, नवरा मस्कतले, अशा घरात एकट्यासाठी केस हलवायची का हा प्रश्न येतेच. मुख्य अर्जदाराचा व्हिसा पास झाल्याशिवाय बायको-पोरांना मिळत नाही, त्यांना नंतर मागून जाता येते, पण मग दोन ठिकाणी दोन इंटरव्ह्यू आणि दोन दोन धावपळी. सगळ्यांचा एकत्र मुंबईत दिलेला मला तरी सोपा वाटते. पोरगा २१ च्या जवळ आला असंल तर त्याचं वय कसं धरतात हे ट्रान्सफरच्या आधी वकिलाकडून समजून घ्या, कारण तारीख करंट झाल्यापासून, म्हणजे लाईनीत नंबर लागल्यापासून, एका वर्षाच्या आत त्याच्यासाठी पाऊल उचललेलं असावं लागते, आणि "ट्रान्सफरचं उत्तर आलं की डीएस-२६० भरू" म्हणत बसलं की ते वर्ष निघून जाते.

तारखेचा प्रॉब्लेम आणि ट्रान्सफर मागणं

कधी कधी अडचण जागेची नसतेच. सोयाबीन काढणीच्या ऐन टायमाला तारीख आली, नाहीतर सूनबाई बाळंत होणार आहे. त्याला रीशेड्यूल म्हणतात, ते मुंबईच्या लेटरमध्ये सांगितलेल्या पद्धतीनं होते, त्यासाठी केस दुसऱ्या देशात न्यायची काही गरज नाही. ट्रान्सफर मागितलं आणि उत्तर यायच्या आधी मुंबईची तारीख आली तर ती तारीख जिवंतच समजा आणि जायची तयारी ठेवा. नुसतं "मी अर्ज केलाय" म्हणून घरी बसू नका, कारण व्हिसा नंबर उपलब्ध असल्याची नोटीस आल्यावर एक वर्ष काहीच हालचाल केली नाही तर केस रद्द करायची तरतूद कायद्यातच आहे, आणि एफ४ वाल्यानं त्या तारखेसाठी जवळपास वीस वर्षं वाट पाहिलेली असते.